आवाजाच्या आधीची टक्

आमच्या घरात टेप आला तो ताईच्या लग्नाच्या सुमारास, आणि गेला तो माझ्या हुशारीपायी. तसा तो टू-इन-वन होता. रेडिओ लागायचा, कॅसेट वाजायची, आणि लाल बटण दाबलं की समोरच्याचं बोलणं फितीवर उतरायचं. ते लाल बटण आपल्याला एक दिवस लागणार आहे हे मला ठाऊक नव्हतं असंही म्हणता येत नाही. कारण ज्या कामासाठी ते लागणार होतं, नेमक्या त्याच कामासाठी मी तो टेप फोडला. हे जरा नीट सांगावं लागेल.

दादा, म्हणजे माझे वडील, जालन्याच्या मोंढ्यात हराशीचा पुकारा करायचे. धान्याच्या ढिगाभोवती व्यापारी उभे राहतात, मधला माणूस भाव ओरडत जातो आणि शेवटच्या बोलीवर सौदा होतो; तो मधला माणूस म्हणजे दादा. आम्ही मूळचे हसनाबादकडचे. तुमच्या वडलांचा आवाज गावात मावंना म्हणून आम्ही जालन्याला आलो, असं माय म्हणायची. घरी आले तरी दादा मोंढ्यातच असल्यासारखे बोलत. गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरले की तिथूनच "आयकलं का" अशी हाक यायची, आणि माय हातातलं काम टाकून उठायची. बायकोला नावानं हाक मारायची त्यांची रीत नव्हती. चाळीसेक वर्षांच्या संसारात मायला त्या दोन शब्दांशिवाय दुसरी हाक माहीत नव्हती.

आवाज घोगरा व्हायला लागला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. पुकारा करणाऱ्याचा गळा घोगरा असायचाच. गिळताना दुखायला लागलं तेव्हा मी त्यांना औरंगाबादला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आरसा घालून गळा पाहिला, तुकडा तपासायला पाठवला, आणि पुढच्या खेपेला स्वच्छ सांगितलं की गाठ काढायची तर आवाजाची पेटीही काढावी लागेल. गळ्याला पुढून भोक राहील, श्वास तिथून चालेल. माणूस जगेल. बोलणार नाही.

परतीच्या एसटीत दादा खिडकीकडं तोंड करून बसले होते. बदनापूर मागं पडलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

"मंग तुझ्या मायला हाक कशी मारू?"

माणसाला मरणाची भीती वाटेल, खर्चाची वाटेल, असं मला वाटलं होतं. त्याची तयारी करून मी गेलो होतो. या प्रश्नाची तयारी नव्हती. आणि तयारी नसली की मी काय करतो? मोठी गोष्ट बोलून बसतो. मी म्हणालो, "दादा, मी तुम्हाला एक डबा करून देतो. बटण दाबलं की तुमच्याच आवाजात हाक."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "बराबर माझाच आवाज?"

"बिलकुल तुमचाच."

ही नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात लागलो होतो. बियाणं मोजायची यंत्रं तिथं बनत, आणि त्यांचे बिघडलेले बोर्ड मी दुरुस्त करायचो. सुटे भाग बदलायचे, डाग द्यायचे, चालू करायचं. स्वतः बोर्ड आखण्याची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळं आपल्याला ते येतं याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

ताईचं म्हणणं साधं होतं. ती सासरहून आली होती. म्हणाली, अरे, टेपवर भरून घे ना दादांचा आवाज, मग काय करायचं ते कर. मी तिला फीत कशी ताणते, घासते, बुरशी कशी धरते यावर एक व्याख्यान दिलं. चिपमधला आवाज कसा आकड्यांचा असतो, आकडा कसा झिजत नाही, हे सांगितलं. ती म्हणाली, बरं बाबा. तिचं "बरं बाबा" लहानपणापासून माझ्या प्रत्येक पराक्रमाच्या आधी आलेलं आहे. आणि मग डब्याला माईक हवा, आवाज मोठा करणारं सर्किट हवं, स्पीकर हवा, आणि ऑपरेशनची दिवाळीनंतरची तारीख तर जवळ आलेली, म्हणून मी टेप उघडला आणि त्यातून हे सगळं काढून घेतलं. उरलेलं लाल बटण बरेच दिवस खिळ्यांच्या डब्यात होतं.

बोर्ड घरीच केला. तांब्याचा पत्रा चिकटवलेली पाटी घ्यायची, ज्या रेघा ठेवायच्या त्या रंगानं काढायच्या, आणि पाटी केमिकलमध्ये हलवत राहायची. उघडं तांबं विरघळतं, रंगाखालचं राहतं. मी मायची परात घेतली होती. प्लास्टिकची घ्यायची असते हे मला माहीत होतं, पण स्टीलला काय होतंय असं वाटलं. परातीला भोकं पडली आणि न्हाणीच्या फरशीवर तांबूस डाग पडला तो कायमचा. माय त्यावर बसून भांडी घासायची आणि आल्यागेल्याला सांगायची की आमच्या पोरानं इथं आवाज शिजवला.

अर्ध्या मिनिटाचा आवाज मावायला मेमरीच्या आठ चिपा लागत होत्या. त्या मी एका ओळीत मांडल्या आणि सगळ्यांना जोडत जाणाऱ्या आठ रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आखल्या, चांगल्या वीतभर लांब. त्यांच्या अगदी शेजारून, तशीच सरळ, नववी रेघ: आता लिही, असं चिपांना सांगणारी. पट्टी धरून, श्वास रोखून काढल्या होत्या. तिफणीनं पेरल्यागत दिसत होत्या. दादांनी बोर्ड हातात धरून तिरका करून पाहिला आणि म्हणाले, काकरी सरळ हायेत. एवढं मोठं प्रमाणपत्र मला डिप्लोम्याचंही वाटलं नव्हतं.

तपासणीही केली, नाही असं नाही. दादा दुपारचे झोपले होते, म्हणून माईकजवळ तोंड नेऊन हळूच "एक, दोन, तीन" म्हटलं. बटण दाबलं. आधी एक टक् असा आवाज आला, नख पत्र्यावर आपटावं तसा, आणि मग माझा आवाज, स्वच्छ. मी एवढा खूश झालो की त्या टक्‌कडं लक्ष दिलं नाही. आणि मोंढ्याच्या आवाजाचा डबा आपण कुजबुजून तपासला, हेही डोक्यात आलं नाही.

औरंगाबादला निघायच्या आदल्या दिवशी आवाज भरायचं ठरलं. काय बोलायचं यावर घरात आधी बैठक झाली होती. ताईला दादांचा पुकारा हवा होता, तुरीची हराशी, जशी ते ढिगावर उभं राहून करत तशी. मला वाटत होतं, रोज लागणारे शब्द भरावेत. मायला विचारलं तर ती म्हणाली, मला काय, मला नुसतं उठायचं असतं. शेवटी ठरलं की आधी हाक, मग पुकारा.

दादा धुतलेला सदरा घालून खुर्चीवर बसले. पुकाऱ्याला शेकड्यानं माणसं असत तेव्हा कधी न बिचकलेला माणूस, पण त्या बोटभर माईकपुढं त्यांचा घसा कोरडा पडला. माय शेजारीच बसून तांदूळ निवडत होती. मी डब्याचा लाल दिवा लागतो का पाहावं म्हणून आवाज भरायचं बटण दाबलं, दिवा लागला, आणि तेवढ्यात दादा तिच्याकडं वाकून हळूच म्हणाले, "आयकलं का, पाणी आण जरा."

मी म्हणालो, "थांबा दादा, सुरू झालंय."

ते हसले. मी बोट उचललं; पाणी आलं, प्यायले. मी म्हणालो, असू द्या, आहे त्याच्या पुढंच भरतो, आता बोला, आणि पुन्हा बटण दाबलं. मग त्यांनी छाती भरून घेतली आणि गल्लीच्या तोंडावरून मारायचे तशी हाक मारली. आणि लगेच पुकारा सुरू केला. शेजारची माणसं दारात येऊन उभी राहिली. मध्येच एकदा आवाज चिरकला, तरी थांबले नाहीत. शेवटची बोली तोडून ते खुर्चीच्या पाठीला टेकले तेव्हा माय तांदळाकडं बघत होती आणि तिचा हात निवडत नव्हता.

मी वाजवून दाखवलं. टक्. मग पाण्याचं बोलणं आलं, अगदी जसंच्या तसं, त्यामागं माझं "थांबा दादा". आणि मग ती मोठी हाक यायची तिथं पत्र्यावर खडे ओतावेत तसा खरखराट आला. पुकाराही तसाच. मध्ये एखादं अक्षर ओळखू यायचं, बुडत्या माणसाचा हात वर यावा तसं, आणि पुन्हा खडे.

ताई म्हणाली, शेजारून टेप मागून आणते. दादा म्हणाले, "परत बोलू का?"

मी नको म्हणालो. पूर्ण विचार करून, डिप्लोम्याच्या संपूर्ण अधिकारानं नको म्हणालो. टेपमधून काढलेला जुना स्पीकर आहे, एवढा मोठा आवाज त्याला झेपत नाही, असं माझं निदान होतं. "आत आवाज बराबर आहे, दादा. बाहेर येताना बिघडतोय. तुम्ही दवाखान्यातून येईपर्यंत दुरुस्त करून ठेवतो. घसा आता दुखवू नका."

दादांचा माझ्यावर विश्वास होता. त्यांनी डब्यावरून हात फिरवला आणि गोळी घेऊन पडले. सकाळी आम्ही निघालो.

ऑपरेशन नीट झालं. तिकडं माय आणि ताई पाळीपाळीनं राहत होत्या आणि मी जाऊन येऊन डबा दुरुस्त करत होतो. स्पीकर बदलला, खरखराट तोच. आवाज मोठा करणारं सर्किट बदललं, तोच. शेवटी डबा पिशवीत घालून माझ्या जुन्या कॉलेजात गेलो. तिथल्या सरांकडं ऑसिलोस्कोप होता, विजेचा झटका पडद्यावर रेघेसारखा दाखवणारं यंत्र. सरांनी त्याचं टोक माझ्या एका रेघेच्या शेवटाला टेकवलं. पडद्यावर सरळ पायरी दिसायला हवी होती. दिसली ती पायरी नव्हती. दावं तोडलेलं वासरू उडी मारतं, खाली येतं, परत उडी मारतं, तसं काहीतरी थरथरत होतं.

सरांनी मला समजावून सांगितलं, आणि मी ते आजतागायत विसरलेलो नाही. रेघ लांब असली आणि झटका फार जलद असला, की तो रेघेच्या शेवटाला पोचल्यावर तिथं त्याला जिरवून घेणारं काहीतरी लागतं. नसलं तर तो परत फिरतो. विहिरीत हाळी घातली की येते तशी. मागून येणारा आणि परत फिरलेला एकमेकांवर आदळतात आणि चिपेला कळत नाही, एक आहे की शून्य. शिवाय रेघा इतक्या खेटून, इतक्या लांबवर सोबत गेल्या की एकीतलं शेजारणीत उतरतं. हळू बोललं तर एखाद-दुसरी रेघ हलते; निभावून जातं. मोठ्यानं बोललं की आठच्या आठ एकदम उसळतात, आणि शेजारच्या नवव्या रेघेला उगाच वाटतं की आपल्यालाच हाक आली. ती भलत्याच वेळी चिपांना सांगते, लिही.

मी म्हणालो, म्हणजे सर, रेघा दुरुस्त केल्या की आवाज येईल ना.

सरांनी रेघांच्या तोंडाशी झटका जिरवणारे लहान रेझिस्टर लावून पाहिले होते. पडद्यावरची पायरी आता बरीच सरळ झाली होती. त्यांनी बटण दाबलं. टक्. पाणी. थांबा दादा. खडे.

ते चष्मा काढून पुसायला लागले. म्हणाले, "वाजवताना नाही रे. लिहितानाच बिघडलंय. आत तसंच आहे."

मग म्हणाले, ज्यांचा आवाज आहे त्यांना परत बोलायला लाव की, त्यात काय.

दादांना घरी आणल्यावर मी लगेच सांगितलं. गळ्याला पांढरं फडकं, त्याच्या मागून श्वासाची शिट्टी. मी फार शास्त्रीय पद्धतीनं सुरुवात केली, रेघा, लांबी, उसळी. ते ऐकत राहिले. मग त्यांनी माझा हात ओढला आणि आपल्या गमच्याखाली घेतला. मोंढ्याच्या आधी ते जनावरांच्या बाजारात दलाली करायचे; तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात, बघणाऱ्याला कळू नये म्हणून. अख्खा पंजा एकदा घट्ट आवळला की सौदा पक्का, आता मागं फिरायचं नाही. लहानपणी आम्ही हे खेळलो होतो. गमच्याखाली त्यांनी माझा अख्खा पंजा आवळला आणि सोडला. मला रडूसुद्धा नीट आलं नाही. नाकातून भलताच आवाज निघाला, आणि दादांचे खांदे हलायला लागले. हसत होते. हसण्याचा आवाजही गेला होता, ते मला तेव्हा कळलं.

तर असा तो डबा. जगातलं सगळं सोडून तो दादांच्या आवाजात फक्त पाणी मागू शकत होता. रेझिस्टर सरांनी तात्पुरते टेकवले होते, ते निघून गेले. मी परत लावले नाहीत, आता कशासाठी लावायचे. दादांनी डबा उशाशी ठेवला. चहा हवा असला तरी पाणी मागायचे, पंखा लावायचा असला तरी पाणीच. माय यायची, पाहायची, आणि काय ते करायची. प्रत्येक वेळी त्यांच्या पाण्यामागं माझा आवाज यायचा, "थांबा दादा, सुरू झालंय." दिवसातून किती वेळा मी माझ्या तहानलेल्या बापाला थांबा म्हणत होतो, आणि तेही गैरहजर राहून. नंतर नंतर ते बटण नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबायचे. टक् वाजायची, पुढचं बोलणं यायच्या आत बोट वर. तेवढ्यावर माय उठायची. पाहुणे बसलेले असले, तिची गप्पांची गाडी भरात असली, की आतून टक्, आणि ही पदर सावरत, "बोलवून राह्यलेत."

अशी काही वर्षं निघाली. दादा गेले ते उन्हाळ्यात गेले.

डबा मायनं देवळीत ठेवला. दुपारचं जेवण झालं की ती एकदा बटण दाबायची, टक् झाली की उठायची, "आणते" म्हणायची, आणि माठातलं पाणी आणून डब्यापुढं ठेवायची. थोड्या वेळानं स्वतः प्यायची. मी हे दारातून पाहिलं होतं आणि आल्यापावली बाहेर गेलो होतो.

एकदा ती म्हणाली, त्यांचा आवाज बारीक होत चाललाय रे. मी पाहिलं तर मेमरी जागी ठेवणारा छोटा सेल संपत आला होता, स्पीकरचा कागद फाटला होता. माझ्या अंगात पुन्हा हुशारी आली. पण आता मी पूर्वीचा नव्हतो. मध्ये कितीतरी बोर्ड आखले होते. रेघा आखूड ठेवायच्या, त्यांच्यामध्ये जमिनीची, म्हणजे ग्राउंडची, रेघ सोडायची, तोंडाशी रेझिस्टर लावायचा, सगळं हातात बसलं होतं. घरी कॉम्प्युटर होता. दादांचं बोलणं मी त्यात उतरवून घेतलं, मागची घरघर काढली, आधीची ती टक् कापून टाकली, आणि शेवटचं "थांबा दादा" पण कापलं. ते कापताना फार बरं वाटलं होतं. मग नवा बोर्ड केला, एकही झटका परत न फिरणारा. मायला डबा तोच दिसावा म्हणून जुन्याच लाकडी डब्यात बसवला, आणि जुना बोर्ड सेल काढून बाजूला टाकला. सेल काढला की त्या चिपा सगळं विसरतात. मूळचं उतरवलेलंही मी ठेवलं नव्हतं. साफ केलेलं असताना खराब कोण ठेवतं?

मायनं बटण दाबलं. दादा बोलले. इतके स्वच्छ, की मलाच मागं वळून पाहावंसं वाटलं. पण माय जागची हलली नाही. तिनं पुन्हा दाबलं. ऐकलं. डोकं एका बाजूला कलतं करून, दुसऱ्याच्या घरातलं बोलणं ऐकावं तसं. मग म्हणाली,

"आवाज त्यांचाच हाय. पण बोलवत न्हाईत ते."

मी कॉम्प्युटरवर दोन-चार प्रकारच्या टक् करून पाहिल्या. तिनं सगळ्या ऐकून घेतल्या, दुकानात उगाच माल काढायला लावल्यासारखं तिला वाटत होतं. शेवटी मी अडगळीतून जुना बोर्ड आणला, तारा जोडल्या, सेल घातला. आवाज त्यात नाही हे मला माहीत होतं. पण ती टक् चिपांमध्ये लिहिलेली नव्हतीच कधी. बटण दाबलं की माझ्या त्या लांबलचक सरळ रेघा एकदम थरथरत, तीच ती. मी बटण दाबलं.

टक् झाली आणि माय उठली. विचारबिचार नाही, गुडघ्यावर हात टेकून नेहमीसारखी उठली, "आणते," आणि माठाकडं गेली. मागं डब्यातून रिकाम्या चिपांचा खरखराट सुरू झाला. मी घाईघाईनं बोट उचललं. ती तांब्या घेऊन दारात उभी होती. डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तांब्या मला दिला.

"राहू दे हाच," म्हणाली. "म्या बोट लवकर उचलीन."

पुढं ती असेपर्यंत डबा नुसती टक् करत होता. आता दोघंही नाहीत. दादांचं ते साफ केलेलं बोलणं माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे, अधूनमधून लावतो. काहीही खरखर नाही, काही थरथरत नाही. दादा पाणी मागतात, आणि त्यांना थांबा म्हणायलाही तिथं कुणी नाही.